ओरिओल्सचं पुढे काय? प्लेऑफमधून रिकाम्या हातांनी परतलेल्या संघाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाल्टिमोर-वॉशिंग्टन पट्ट्यातल्या मराठी घरांत बेसबॉल बहुतेक वेळा मुलांच्या दप्तरातून येतो. आधी नारिंगी टोपी येते, मग शनिवारी स्टेडियमला जायचा हट्ट, आणि मग आईबाबांना प्रश्न पडू लागतात. खालचे प्रश्न त्यांचे आहेत. काही पुण्या-नाशकातून पहाटे स्कोअर बघणाऱ्या आजोबांचेही आहेत. उत्तरं २०२६ चा हंगाम सुरू होण्याआधी लिहिली आहेत.

सगळे ज्याला ‘ती हार’ म्हणतात, ती नेमकी कुठली?

ऑक्टोबर २०२४ ची. बाल्टिमोर ओरिओल्सनी त्या वर्षी ९१ सामने जिंकून प्लेऑफची, म्हणजे हंगामानंतरच्या बाद सामन्यांची, पहिली ‘वाइल्ड कार्ड’ फेरी गाठली होती. समोर कॅन्सस सिटी रॉयल्स. आदल्या वर्षी १०६ सामने हरलेला हा संघ २०२४ मध्ये ८६ जिंकून कसाबसा आत आला होता. सामने बाल्टिमोरच्या घरच्या मैदानावर, कॅम्डेन यार्ड्सवर. ओरिओल्स पहिला सामना ०-१ ने हरले, दुसरा १-२ ने. दोन सामन्यांत मिळून एकच धाव, तीही सेड्रिक मलिन्सच्या होम रनची.

पहिल्या सामन्यात कॉर्बिन बर्न्सने आठ इनिंग पूर्ण करून नवव्यापर्यंत पिचिंग केलं आणि एकच धाव दिली. तरी हार त्याच्या नावावर लागली, कारण कोल रेगन्स आणि त्याच्यानंतरच्या पिचरांसमोर आपल्या बॅटरांना काही सुचतच नव्हतं. रॉयल्सच्या बॉबी विट ज्युनिअरने दोन्ही दिवशी निर्णायक धाव आणली. दुसऱ्या दिवशीचा त्याचा फटका तर इनफिल्डच्या, म्हणजे बेसांभोवतीच्या आतल्या मैदानाच्या, बाहेरही गेला नव्हता.

कोल्टन काउझरच्या हाताचं काय झालं होतं? मुलगा अजून ते आठवून चिडतो.

मुलाचं चिडणं रास्त आहे. दुसऱ्या सामन्याची पाचवी इनिंग, मलिन्सच्या होम रनने बरोबरी झालेली, तिन्ही बेस भरलेले. काउझरला चेंडू हातावर लागला. नुसता लागला असता तर त्याला पहिला बेस मिळाला असता आणि तिसऱ्या बेसवरचा खेळाडू आपोआप घरी आला असता, म्हणजे फुकटची आघाडी. पण काउझरने त्या चेंडूवर बॅट फिरवली होती. बॅट फिरवली की लागलेला चेंडूही स्ट्राइकच, आणि तो तिसरा स्ट्राइक होता. काउझर बाद झाला आणि हाताचं हाडही मोडलं. पुढचा बॅटर अ‍ॅडली रचमन ग्राउंडआउट झाला आणि इनिंग तिथेच मिटली. पुढच्याच इनिंगमध्ये रॉयल्सनी आघाडी घेतली.

१६२ सामने खेळायचे आणि दोन सामन्यांत घरी जायचं? हा कसला न्याय?

नियम तसाच आहे. २०२२ पासून मेजर लीगच्या प्लेऑफमध्ये बारा संघ येतात, दोन्ही लीगमधून सहा-सहा. प्रत्येक लीगमधल्या सर्वोत्तम दोन गटविजेत्यांना पहिली फेरी माफ असते. बाकीच्या चारांना तीन सामन्यांची मालिका खेळावी लागते, तीही पूर्णपणे वरच्या मानांकनाच्या संघाच्या मैदानावर. त्यानंतरची फेरी पाच सामन्यांची, त्यापुढच्या दोन सातच्या.

बेसबॉलमध्ये हंगामातला सर्वोत्तम संघही दहातले चार सामने सहज हरतो. त्यामुळे दोन-तीन सामन्यांत काहीही होऊ शकतं, हे खरं आहे. मात्र या वाक्याच्या आड किती काळ लपायचं, हा प्रश्न उरतोच.

म्हणजे नशीब वाईट होतं, एवढंच ना?

माझं उत्तर: नाही, आणि पुढच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं याच एका मुद्द्यावरून निघतात.

त्या दोन सामन्यांतून काही सिद्ध करायला जाऊ नये. पण त्याआधीच्या अडीच महिन्यांतून बरंच काही दिसत होतं. २०२४ मध्ये जुलैतल्या निवडक खेळाडूंच्या ऑल-स्टार सामन्यापर्यंत ओरिओल्स ५८ जिंकून ३८ हरले होते. त्यानंतर ३३ जिंकले, ३३ हरले. बरोब्बर अर्धे. काइल ब्रॅडिश, जॉन मीन्स आणि टायलर वेल्स या तीन स्टार्टर, म्हणजे सामना सुरू करणाऱ्या, पिचरांवर एकाच वर्षात कोपराच्या अस्थिबंधाची शस्त्रक्रिया झाली. क्लोजर, म्हणजे शेवटी येऊन आघाडी राखणारा पिचर, फेलिक्स बाउटिस्टा त्याच शस्त्रक्रियेमुळे वर्षभर बाहेर होता. ऑगस्टमध्ये ग्रेसन रॉड्रिग्जचं पाठीचं दुखणं निघालं. उन्हाळ्यानंतर रचमनची बॅटही थंडावली. रॉयल्सशी गाठ पडली तेव्हा मैदानावर ९१ विजयांचा संघ नव्हता. दोन महिने जेमतेम पन्नास टक्के खेळणारा संघ होता, आणि तो तसाच खेळला.

व्यवस्थापनाने ती हार ‘छोट्या मालिकेतला अपघात’ म्हणून वाचली असावी. त्यांनी तसं म्हटलं म्हणून नव्हे, पुढच्या हिवाळ्यात जे केलं त्यावरून मला तसं वाटतं.

प्लेऑफमध्ये ओरिओल्स सलग दहा सामने हरलेत, हे खरंय?

हो. २०१४ मध्ये डेट्रॉइटला ३-० ने हरवलं, तो प्लेऑफमधला शेवटचा विजय. मग त्याच वर्षी रॉयल्सकडून सलग चार पराभव. २०१६ मध्ये टोरोंटोविरुद्धचा एकमेव सामना अकराव्या इनिंगमध्ये गेला. त्या मोसमातला लीगमधला बहुधा सर्वोत्तम क्लोजर झॅक ब्रिटन बुलपेनमध्येच, म्हणजे राखीव पिचरांच्या जागेतच, बसून राहिला आणि एडविन एनकार्नासियोनने उबाल्डो हिमेनेजला होम रन ठोकून विषय संपवला. जुने चाहते त्या रात्रीबद्दल अजून बोलतात. २०२३ मध्ये टेक्सास रेंजर्सकडून तीन, २०२४ मध्ये रॉयल्सकडून दोन. झाले दहा. विक्रम मात्र मिनेसोटा ट्विन्सचा आहे, १८ चा. तेवढाच दिलासा.

२०२३ चा पराभव जास्त मोठा नव्हता का?

कागदावर होता. १०१ विजय, गटविजेतेपद, आणि नियमित हंगामात एकाही मालिकेत सगळे सामने हरण्याची वेळ आली नव्हती. मग रेंजर्सनी २-३, ८-११, १-७ असे तीनही घेतले. पण तेव्हा संघ कोवळा होता, लोक हसत-हसत ‘पुढच्या वर्षी’ म्हणाले, आणि रेंजर्स पुढे वर्ल्ड सिरीजच जिंकले, त्यामुळे फारसं लागलं नाही. २०२४ ला ही दोन्ही औषधं उपलब्ध नव्हती.

मग २०२४ च्या हारेनंतर केलं काय?

बॅटिंग प्रशिक्षकांच्या चमूत बदल केले, डावीकडची भिंत पुढे आणली आणि खेळाडू आणले. आणले ते असे: आउटफिल्डर टायलर ओ’नील तीन वर्षांसाठी जवळपास पाच कोटी डॉलरला, चार्ली मॉर्टन एका वर्षासाठी दीड कोटीला, जपानहून तोमोयुकी सुगानो एका वर्षासाठी एक कोटी तीस लाखांना. सुगानो पस्तिशीचा, मॉर्टन एक्केचाळिसाव्या वर्षी पिचिंग करणारा. दोघेही सज्जन, अनुभवी, आपापल्या काळात उत्तम. पण तीन स्टार्टर पिचर कोपर धरून बसलेल्या संघाने बर्न्सच्या जागी हे दोघं आणावेत?

बर्न्सला जाऊ का दिलं?

बर्न्सला फेब्रुवारी २०२४ मध्ये मिलवॉकीकडून घेतलं तेव्हाच सगळ्यांना माहीत होतं की तो एका वर्षाचा पाहुणा आहे. हंगाम संपल्यावर तो अ‍ॅरिझोनाकडे गेला, सहा वर्षांसाठी २१ कोटी डॉलरवर. ४४ होम रन मारणारा अँथनी सँटँडेर टोरोंटोला गेला, पाच वर्षांसाठी सव्वानऊ कोटींवर.

गंमत अशी की या दोन्ही बाबतींत पैसे वाचवणारे तूर्त शहाणे ठरले. बर्न्सच्या कोपरावर जून २०२५ मध्ये शस्त्रक्रिया झाली आणि सँटँडेरचं वर्ष खांद्याच्या दुखापतीत गेलं. म्हणून मी ‘बर्न्सला ठेवायलाच हवं होतं’ या गटात नाही. तक्रार वेगळी आहे: त्याच्या जागी तोलामोलाचा दुसरा कोणी आणला नाही. जागा रिकामी ठेवण्याचा निर्णय आणि एखाद्या माणसाला नकार देण्याचा निर्णय एकच नसतात.

भिंतीची काय भानगड आहे?

२०२२ च्या आधी डावीकडची भिंत साडेसव्वीस फुटांपर्यंत मागे नेली आणि उंचीही तेरा फुटांवर नेली, कारण आपल्या पिचरांना फार होम रन बसत होते. त्यामुळे उजव्या हाताच्या बॅटरांचे चांगले फटके तिथे विरू लागले. २०२५ साठी ती पुन्हा पुढे घेतली, उंचीही कमी केली, पण आधीच्या जागेपर्यंत नेली नाही.

आणि २०२५ मध्ये?

७५ विजय, ८७ पराभव, गटात शेवटचा क्रमांक. एप्रिलमध्ये ईस्टरच्या रविवारी सिनसिनॅटीने घरच्या मैदानावर २४-२ ने धुतलं. शेवटी तर पिचर नसलेल्या खेळाडूंच्या हाती चेंडू द्यावा लागला. मॉर्टनच्या नावावर लागलेले पहिले सातही निकाल पराभवाचे. ओ’नील बराच काळ दुखापतीच्या यादीत. रचमनला दोनदा बरगडीखालच्या स्नायूने बसवलं. मे महिन्यात संघ १५ विजय आणि २८ पराभवांवर असताना मॅनेजर ब्रँडन हाइड यांना काढलं आणि टोनी मॅन्सोलिनो यांनी उरलेला हंगाम सांभाळला. जुलैअखेर मलिन्स, रायन ओ’हर्न, रॅमोन लॉरिआनो, मॉर्टन आणि निम्मं बुलपेन विकून टाकलं.

एक रात्र मात्र ठेवण्यासारखी. ६ सप्टेंबरला डॉजर्सचा योशिनोबू यामामोतो नवव्या इनिंगमध्ये दोन बाद होईपर्यंत एकही हिट न देता खेळत होता. एक बाद बाकी, आणि जॅक्सन हॉलिडेने होम रन मारला. तिथून पुढे ओरिओल्सनी त्याच इनिंगमध्ये चार धावा करून सामना ४-३ ने जिंकला. अर्धे प्रेक्षक तोवर पार्किंगमध्ये पोचले असतील.

हाइड यांचा एवढा दोष होता का?

माझ्या मते नव्हता. २०१९ ला आलेल्या या माणसाने १०८ आणि ११० पराभवांची वर्षं सोसली आणि २०२३ मध्ये अमेरिकन लीगचा सर्वोत्तम मॅनेजर हा मान मिळवला. मॅनेजरला मिळालेल्या पिचरांतूनच निवड करावी लागते. खेळाडू निवडणारे माइक इलायस अजून आहेत, आणि पद वाढून ते आता बेसबॉल विभागाचे अध्यक्ष आहेत. हाइड गेले तेव्हा जबाबदारी आपली असल्याचं इलायस यांनी मान्य केलं होतं. मान्य करणाऱ्याची खुर्ची शाबूत आणि दुसऱ्याची गेली, हे प्रत्येक कचेरीत घडतं.

इलायस यांची बाजूही सांगितली पाहिजे. ते ह्यूस्टनहून नोव्हेंबर २०१८ मध्ये आले तेव्हा हा संघ नुकताच ११५ सामने हरला होता. रचमन, गनर हेंडरसन, हॉलिडे, जॉर्डन वेस्टबर्ग, काउझर हे सगळे त्यांनी ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, घेतलेले. बॅटर ओळखणं त्यांना जमतं. पिचरवर पैसे आणि खेळाडू खर्च करताना हात आखडतो, निदान परवापर्यंत आखडत होता.

नवे मालक आले, मग पैसे कुठे गेले?

डेव्हिड रुबेनस्टाइन हे बाल्टिमोरमध्ये वाढलेले गुंतवणूकदार. त्यांच्या गटाने १७२.५ कोटी डॉलरला अँजेलोस कुटुंबाकडून संघ घेतला आणि मार्च २०२४ मध्ये व्यवहार पूर्ण झाला. त्या गटात कॅल रिपकेन ज्युनिअरही आहेत, त्यामुळे शहराने त्यांना डोक्यावर घेतलं. पहिला हिवाळा बेतानेच गेला. दुसऱ्यात थैली सुटली.

पीट अलोन्सो आल्याने खरंच फरक पडेल?

पडेल. डिसेंबर २०२५ मध्ये झालेला करार पाच वर्षांचा, साडेपंधरा कोटी डॉलरचा. अलोन्सो हा न्यूयॉर्क मेट्सच्या इतिहासात सर्वाधिक, २६४ होम रन मारणारा बॅटर. २०२५ मध्ये ३८ मारले. त्याहून महत्त्वाचं, गेली दोन वर्षं तो १६२ पैकी १६२ सामने खेळलाय. ज्या संघाच्या डॉक्टरांना श्वास घ्यायला फुरसत नव्हती, त्यांच्यासाठी हा आकडा होम रनपेक्षा मोठा आहे. वय एकतिशीचं आणि जागा पहिला बेस, म्हणजे कराराची शेवटची दोन वर्षं जड जाऊ शकतात. जाऊ देत. ऑक्टोबरमध्ये दोन सामन्यांत एक धाव काढणाऱ्या संघाला आज धावा हव्या आहेत.

सोबत एंजल्सकडून टेलर वॉर्ड आला, २०२५ मध्ये ३६ होम रन. पण बदल्यात ग्रेसन रॉड्रिग्ज गेला. तो २०२५ मध्ये एकही सामना खेळला नव्हता हे खरं, तरी संघाचा अजून चार वर्षांचा हक्क असलेला पिचर देऊन एकाच वर्षाचा हक्क उरलेला आउटफिल्डर घेणं मला अजून पटलेलं नाही.

पिचिंगचं दुखणं बरं झालं का?

अर्धं. ट्रेव्हर रॉजर्सने २०२५ मध्ये १८ सामन्यांत दर नऊ इनिंगमागे फक्त १.८१ धावा दिल्या. हाच तो रॉजर्स, ज्याला जुलै २०२४ मध्ये मायामीकडून घेतल्यावर चार सामन्यांतच खालच्या लीगमध्ये धाडलं होतं आणि ज्याच्यावरून इलायस यांची टर उडवली जायची. त्याच्या बदल्यात दिलेला काइल स्टॉवर्स २०२५ मध्ये ऑल-स्टार झाला, म्हणजे टर उडवणारे पूर्ण चुकीचे नव्हतेच. ब्रॅडिश ऑगस्टमध्ये परतला आणि चेंडू पूर्वीसारखाच वळत होता. टँपा बेकडून शेन बाझला आणलं, त्यासाठी चार होतकरू पोरं आणि एक ड्राफ्टची संधी मोजली. झॅक एफ्लिन पाठीच्या शस्त्रक्रियेनंतर एका वर्षासाठी परतलाय.

रॉजर्स, ब्रॅडिश आणि बाझ हे तिघं तीस-तीस सामने खेळले तर ही तिकडी कोणालाही जड जाईल. पण तिघांच्याही फायलीत दुखापतींची पानं बरीच आहेत. २०२४ ला नेमकं हेच घडलं होतं. बुलपेनमध्ये बाउटिस्टाच्या खांद्यावर ऑगस्टमध्ये शस्त्रक्रिया झाली. त्याच्या जागी रायन हेल्स्ली आला, जो २०२४ मध्ये सेंट लुइससाठी ४९ सामने वाचवून गेला आणि पुढच्या वर्षी मेट्समध्ये पार कोलमडला.

नवा मॅनेजर कसा आहे?

क्रेग अल्बरनाझ, आधी क्लीव्हलँडच्या चमूत होते. मोठ्या संघाचे मॅनेजर पहिल्यांदाच. जुलैत विचारा.

राष्ट्रगीताच्या मध्येच सगळे ‘ओ!’ असं का ओरडतात? आम्ही दचकलो.

ओरिओल्समधला ‘ओ’. राष्ट्रगीतात तो उच्चार आला की अख्खं स्टेडियम ओरडतं. अनादर नाही, प्रथा आहे. डावीकडच्या एका विभागात बसलात तर पाण्याच्या पाइपने भिजवतातही, तिकीट काढताना लहान मूल सोबत असेल तर विचार करा.

भारतातून सामना बघायचा तर किती वाजता?

इथले संध्याकाळचे सामने साडेसहा-सातला सुरू होतात, म्हणजे तिकडे पहाटे चार-साडेचार. रविवार दुपारचा सामना भारतात रात्री अकराच्या सुमारास लागतो, तो सोयीचा.

मग २०२६ मध्ये प्लेऑफ गाठतील का?

गाठतील असं वाटतं, बहुधा वाइल्ड कार्डमधून. गट अवघड आहे: टोरोंटो २०२५ मध्ये वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यापर्यंत गेला, यांकीज आणि रेड सॉक्स दोघेही प्लेऑफमध्ये होते. पण ७५ विजयांचा आकडा या संघाची खरी पातळी दाखवत नाही, जसा १०१ चाही दाखवत नव्हता. पिचर उभे राहिले तर नव्वदीच्या आसपास, नाही राहिले तर ऐंशी.

रचमन, हेंडरसन वगैरे पोरं टिकतील की तीही जातील?

हा प्रश्न सगळ्यात कमी विचारला जातो आणि तोच सगळ्यात गंभीर आहे. रचमन २०२७ च्या हंगामानंतर मोकळा होतो, हेंडरसन २०२८ नंतर. दोघांशीही दीर्घ करार झालेला नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये दीर्घ करार झाला तो एकवीस वर्षांच्या कॅचरशी, सॅम्युएल बसायोशी: आठ वर्षं, सहा कोटी सत्तर लाख डॉलर. बसायो हाताशी असताना रचमनला विकायचा मोह होणार, आणि भाव चांगला आला तर मी विरोधात नसेन. हेंडरसनचं वेगळं आहे. तेविसाव्या वर्षी ३७ होम रन मारणारा शॉर्टस्टॉप पुन्हा ड्राफ्टमध्ये हाती लागेल या भरवशावर कुणी बसू नये, आणि तो दर वर्षी महाग होत जाणार.

म्हणजे हा गट एकत्र असताना हातात दोन हंगाम आहेत, तेही पूर्ण खेळले गेले तर. खेळाडू संघटना आणि मालकांमधला सध्याचा करार १ डिसेंबर २०२६ ला संपतो. २०२१ च्या डिसेंबरमध्ये तो संपला तेव्हा मालकांनी टाळेबंदी केली होती आणि ती मार्चपर्यंत चालली.